वजीर म्हणायला हवं होतं

मी माझ्या बायकोचा बळी देणार आहे, अशी माझ्या सासूबाईंची खात्री पटली होती.

बायकोचं नाव राणी. रविवारी सांगलीच्या बुद्धिबळ स्पर्धेत खेळायचं म्हणून मी मोबाइलवरून जुन्या काळचा एक गाजलेला डाव पाठ करत होतो. सुरुवातीलाच एक प्यादं फुकट द्यायचं (याला किंग्ज गँबिट म्हणतात), पुढं राणीही द्यायची, आणि मग मात! जाणती माणसं त्या राणीला वजीर म्हणतात. मी पडलो मोबाइलवर शिकलेला सातारचा शहाणा! मी राणीच म्हणायचो, तेही मोठ्यानं.

शिराळ्याहून आलेल्या सासूबाईंनी दाराआडून ऐकलं, "आता राणीचा बळी द्यायचा. दुसरा उपायच नाही."

त्या दिवसापासून घर बदललं. मी दिसलो की कुजबुज थांबायची. तिन्हीसांजेला वारा नसताना पडदा हलायचा. सरावाला मांडलेल्या बुद्धिबळाच्या पटाखाली हळदकुंकू लावलेलं लिंबू सापडलं! अंगावर काटाच आला. तो डाव खेळणारे दोघंही केव्हाच वारलेले. त्यांतल्या एकाला माझा अभ्यास पसंत नसावा, असं मला मनापासून वाटू लागलं.

शनिवारी पाणी पिऊन परत येतो तर पांढरी राणी थेट बळीच्या घरात उभी! मी ती हलवलीच नव्हती.

"राणी!" मी किंचाळलो.

बायको धावत आली. मागून सासूबाई, हातात भरलेली पिशवी.

"आवं जावईबापू, पाया पडते, पर माज्या पोरीला सोडा! आमी आजच्या येष्टीनं शिराळ्याला निघालोय."

"अहो आई, झालं काय?"

"बळी देनार न्हवं तुमी राणीचा? म्या माज्या कानानं ऐकलंय!"

बायकोला आधी उमगलं. ती हसत हसत खालीच बसली. मी लाकडी राणी उचलून नाचवली. "ही राणी, आई! ही!"

"आगं बया! मला मेलीला वजीरच ठावं."

"आणि लिंबू ठेवलंत, सोंगटी हलवलीत, ते?"

"लिंबू माजंच. पर सोंगटीला म्या हात लावला न्हाई. देवाशप्पथ!"

मी बायकोकडं पाहिलं. तिचं हसू थांबलं होतं.

"मी आईसोबत स्वयंपाकघरात होते हो."

खिडकी बंद होती. पडदा हलला.

संध्याकाळच्या एसटीनं आम्ही तिघंही शिराळ्याला गेलो. स्पर्धा राहिली ती राहिलीच. गाडीत मात्र सगळ्यांत आधी चढून जागा धरली ती या राजानं; राणी पिशवी घेऊन अजून खालीच होती!