अंदमानला निघालेली मोटर

मला पाहायला आले तेव्हा माझ्या सासऱ्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "बाई, मोटर लागते का तुले?"

स्वयंपाक, शिवण, सातवीचे मार्क, यातलं काही नाही. मी घाटंजीची. मामाकडे यवतमाळला जाऊन-येऊन माझी मोटर लागायची खोड केव्हाच मोडली होती. मी "नाही" म्हटलं. त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि माझ्या वडिलांना सांगून टाकलं, की आमच्याकडून पक्कं. नवरामुलगा शेजारीच बसला होता, पण त्याला कुणी काही विचारलं नाही.

त्या प्रश्नाचा अर्थ मला लग्न होऊन बाभुळगावला आल्यावर कळला. घराच्या मागच्या आवारात निंबाखाली एक अख्खी मोटर उभी होती, आणि मामाजी तिच्यातून उतरून मला आशीर्वाद द्यायला आले. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. त्यांनी वीस वर्षं यवतमाळ-घाटंजी रस्त्यावर एका खाजगी मालकाची प्रवासी मोटर चालवली होती. पुढे सरकारी गाड्या आल्या, मालकानं धंदा गुंडाळला आणि जाताना मोटर ड्रायव्हरलाच देऊन टाकली. मी आले ते एकोणीसशे एकोणसाठ साल. त्या मोटरीतून सगळ्या घरादारानं अंदमानला जायचं, हा बेत तेव्हा चांगला मुरलेला होता.

अंदमान त्यांच्या डोक्यात शिरलं ते शेवटच्या फेरीत. इंजिनाशेजारच्या जागेवर एक माणूस बसला होता, तिकडच्या जंगलात लाकूड तोडून आलेला. तिथं बेटामागं बेटं आहेत, नारळ आहेत आणि धुरळा औषधालाही नाही, असं त्यानं सांगितलं. नारळाचं मामाजींना काही नव्हतं. पण घाटंजीच्या रस्त्याचा धुरळा वीस वर्षं खाल्लेला तो माणूस. "जिथं धुरळा नाही तिथं एकडाव मोटर चालवून पाहायची हाय मले," ते म्हणत. मोटरीतच राहायचं, मोटरीतच रांधायचं, एक बेट पाहून झालं की दुसऱ्यावर जायचं.

गावाला हे पटेना. अंदमान म्हणजे काळं पाणी, आणि काळ्या पाण्यावर माणूस आपखुशीनं जातो हे कुणाला खरं वाटणार? बाजारात लोक माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारत, की बाबांच्या हातून काही झालं का. एकदा पोलीस पाटील येऊन मोटरीभोवती फिरून गेले. चहा पिताना त्यांनी हळूच सुचवलं, की तसं काही असेल तर यवतमाळला वकील चांगले मिळतात.

मी सातवी पास, म्हणून नकाशाचं काम माझ्याकडे आलं. शाळेतून मागून आणलेल्या नकाशावर बोट ठेवून मी दाखवलं, की मामाजी, या बेटाच्या आणि त्या बेटाच्या मधे समुद्र आहे. ते चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "हा नकाशा पावसाळ्यातला असन."

वैशाखात उतरत नाही असं पाणी त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. बेंबळा उतरते, वर्धा उतरते, मग समुद्र कोण मोठा लागून गेला? थोडंफार पाणी उरलंच तर दोन डोंगे जोडायचे आणि वर फळ्या टाकायच्या. वर्धेवर बंडी बैलांसकट नावेतून पार होते, मग मोटरीनं काय घोडं मारलं? पेट्रोलचाही विचार झालेला होता. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटरीच्या मागं कोळशाची टाकी बसवली होती आणि त्या धगधगत्या कोळशाच्या वायूवर इंजिन चालायचं. ती टाकी त्यांनी जपून ठेवली होती. बेटांवर नारळ, नारळाच्या करवंट्या, करवंट्यांचा कोळसा. "तिथं पेट्रोल झाडाले लागते," ते मला समजावत. त्यांच्या बोलण्यात चूक कुठं आहे ते दिसायचं, पण ती बाहेर काढायला गेलं की हाती लागायची नाही.

मोटरीतले बाक त्यांनी काढून टाकले होते. दोन बाजेसारखे सुतळीचे पलंग, पाण्याचा रांजण, पाटा-वरवंटा, टपावर कोंबड्यांचं खुराडं. एकच जागा जुनी ठेवली होती, ड्रायव्हरच्या मागची. तिच्यावर नव्या कापसाची गादी होती आणि तिच्यावर कुणी बसलेलं मामाजींना चालत नसे. ती जागा सासूबाईंची होती. आणि सासूबाई मोटरीत पाय ठेवत नसत.

त्या नवऱ्याशी या विषयावर बोलतही नसत. जे सांगायचं ते माझ्यामार्फत. "सांग तुह्या सासऱ्याले, शेगडी दाराच्या तोंडाशी ठेवली तं वाऱ्यानं पेटन का?" मामाजी दोन हातांच्या अंतरावर उभे असायचे, त्यांना सगळं ऐकू जायचं. तरी मी सांगायचे. मग ते शेगडी उपटून इंजिनाच्या झाकणाजवळ बसवायचे. लोणच्याच्या बरण्या कुठं, पीठ कुठं, पाटा कोणत्या अंगाला, हे सगळं असंच ठरलं. दोनेक वर्षांत त्या मोटरीतली एकेक वस्तू सासूबाईंच्या म्हणण्याप्रमाणे मांडली गेली, आणि त्या मात्र बाहेर निंबाखाली उभ्या.

त्या का बसत नाहीत, ते मला गणपतनं सांगितलं. गणपत मामाजींचा जुना किलिंडर, मोटरीवरचा मदतनीस. मोटर बंद झाली तरी तो रोज सकाळी येऊन काचा पुसायचा. त्यानं सांगितलं ते असं. सासूबाईंचं माहेर दूर, फुलसावंगीला. त्यांचे वडील अखेरचे आहेत असा निरोप आला तेव्हा मामाजींच्या मोटरीत एक वरात भरलेली होती. वरात सोडून येतो, मग तुला घेऊन जातो, असं ते सांगून गेले. वरातीतले लोक मुलीकडच्यांशी मानपानावरून भांडत बसले आणि मामाजींना परत यायला दुसरा दिवस उजाडला. तोवर सासूबाई निघून गेल्या होत्या. कुणाच्या बंडीत, कुणाच्या मालमोटरीत करत त्या पोचल्या, तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती. दारातच त्यांचा थोरला भाऊ म्हणाला, "जवाई मोटरवाला, अन् बहीण बंडीत." त्या दिवसापासून सासूबाई नवऱ्याच्या मोटरीत बसल्या नाहीत. सगळ्या तालुक्याची लग्नं आणि जत्रा त्या मोटरीनं केल्या, पण घरची बाई पायी.

एकसष्टच्या अक्षय तृतीयेनंतर मामाजींनी रंगीत तालीम ठरवली. बेंबळेच्या पात्रात उन्हाळ्यात रेतीचे उंचवटे उघडे पडतात, मधून वीतभर पाण्याची धार. बेटामागं बेट. माझ्या नवऱ्यानं कचेरीतून रजा काढली. गणपतनं कोळसा पेटवला, मोटरीनं धुराचा एक लोट सोडला आणि ती खरोखर हलली. सासूबाईंनी दारातून पाहिलं आणि त्या आत निघून गेल्या.

पहिलं बेट निर्विघ्न पार पडलं. दुसऱ्यावर मामाजींनी मोटर थांबवून खाली उतरून पाहणी केली आणि हवा चांगली आहे असं सांगितलं. तिसऱ्या बेटावर मागची चाकं रेतीत रुतली ती पार आसापर्यंत. तिथं एका भोयाची डांगराची, म्हणजे खरबुजांची, वाडी होती. त्यानं शिव्या द्यायला तोंड उघडलं, पण मोटरीत पाटा-वरवंटा पाहून तो शिव्या विसरला. नुसता पाहत बसला.

दुपार उलटली तरी आम्ही परतलो नाही, म्हणून सासूबाई भाकरीचं गाठोडं घेऊन रेतीतून चालत आल्या. मोटरीच्या सावलीत उभं राहून त्यांनी सगळ्यांना वाढलं. आम्ही खात असतानाच वरच्या अंगाला ढग गडगडले. तिकडं कुठंतरी अवकाळी पाऊस झाला असावा, कारण थोड्याच वेळात गढूळ पाणी फेस घेऊन आलं. भोई वाडी सोडून काठाकडे पळाला. गणपत आणि माझा नवरा मामाजींना ओढू लागले. मामाजी ड्रायव्हरच्या जागेवर चाक धरून बसले ते हलेनात. मोटर सोडून ड्रायव्हर जात नसतो, एवढंच म्हणत राहिले. पाणी घोट्याला लागलं. मला रडू यायला लागलं.

सासूबाई खिडकीखाली येऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्या मोटरीबद्दल पहिल्यांदा थेट मामाजींशी बोलल्या.

"उतरा."

"तू चढ," मामाजी म्हणाले.

सासूबाई लुगडं वर खोचून, दांड्याला धरून चढल्या आणि त्या गादीवर जाऊन बसल्या. त्यांच्यामागं मीही चढले, मग नवरा, मग गणपत. पाणी पायरीपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. चारी बाजूंनी पाणी आणि मधे आम्ही. मग सासूबाईंनी मला शेगडी पेटवायला सांगितली आणि चहा टाकला. चहा उकळेपर्यंत त्या समोरच्या काचेतून पाहत होत्या.

"पुढचं बेट कधी येते?" त्यांनी विचारलं.

मामाजींनी मागं वळून पाहिलं नाही. "सांगतो," म्हणाले.

संध्याकाळपर्यंत पाणी उतरलं. दुसऱ्या दिवशी गावच्या बैलांनी मोटर ओढून निंबाखाली आणली. इंजिनात रेती गेली होती, ते पुन्हा कधी चालू झालं नाही. तालमीची हौस फिटली असेल असं आम्हाला वाटलं. पण त्या दिवसापासून सासूबाई रोज दुपारी तुरीची डाळ सुपात घेऊन मोटरीत जाऊन बसू लागल्या. मामाजी चाकावर. समोर शेणाच्या गोवऱ्या थापलेली भिंत. "आज कुठवर आलो?" सासूबाई निवडता निवडता विचारायच्या आणि मामाजी सांगायचे. मी चहा घेऊन गेले तर ते हात वर करून मला थांबवत. "थांब बाई, गाडी उभी करू दे." मग ब्रेक ओढत आणि कप घेत. एकदा मी विसरून तशीच चढले, तर सासूबाईच माझ्यावर रागावल्या, चालत्या गाडीत चढतात का म्हणून.

पासष्टच्या पावसाळ्यात मामाजी तापानं गेले. चारच दिवस आजारी होते. तेरवीला फुलसावंगीहून सासूबाईंचे भाऊ आले. आमच्या गावातले बेंबळेची हकीकत जाणून होते, पण एवढ्या लांब ती पोचली नव्हती. जेवणं झाल्यावर थोरल्या भावानं आवारातल्या मोटरीकडे पाहून विचारलं, "सुभद्रे, जवाई अंदमानले जातो म्हणत होते. गेलते का मंग?"

सासूबाईंनी पदर सारखा केला. "आम्ही सारेच गेलतो," त्या म्हणाल्या. "चारी बाजूनं पाणी होतं. मोटरीतच चहा केला. या सुनेले विचारा."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. सासूबाई माझ्याकडे पाहत नव्हत्या.

"हो मामा," मी म्हटलं. "मीही होते."

थोरल्या भावानं अगदी अदबीनं विचारलं, "रस्ता कसा हाय तिकडचा?"

"रेती हाय," सासूबाई म्हणाल्या. "पण ड्रायव्हर चांगला होता."