भजा, मिरची आणि शकुनबाईंचा रविवार

शकुनबाई सायकलवर निघाल्या की गावात कोणीतरी विचारायचंच, "कुठी चालली वं, शकुनबाई?" आणि पायडल न थांबवता त्या सांगायच्या, "कुठीच नाई. असंच."

हे उत्तर कोणाला पटत नसे. आमच्याकडे सायकल दळणाला जाते, शाळेत जाते, दवाखान्यात जाते. 'असंच' ती कुठेही जात नाही.

त्यातून शकुनबाई एकट्या नसत. हँडलला बुरडाकडून विणून घेतलेली बांबूची टोपली, तिच्यात मिरची. मागे कॅरियरवर ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधलेला टमाट्याचा क्रेट, त्यात भजा. दोन्ही कुत्री मांजरापेक्षा जराशीच मोठी. मिरची पुढचे पाय टोपलीच्या काठावर ठेवून रस्ता बघायची आणि भजा मागे पडणाऱ्या गावावर भुंकायचा. उतार आला की शकुनबाई खाली उतरून सायकल हाताने न्यायच्या. "त्यायच्या पोटातलं पाणी हलते," म्हणायच्या.

त्या आमच्या शेजारी राहतात. धानाची थोडी शेती आहे, रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत त्या दुसऱ्यांच्या बांध्यांतही मजुरीला जातात. सायकल त्यांच्या मुलीची, शाळेतून मिळालेली. मुलगी लग्न होऊन कोरपन्याकडे गेली आणि सायकल पडवीत उभी राहिली. तेव्हा पन्नाशी उलटलेल्या शकुनबाई ती चालवायला शिकल्या. गुडघे फुटले, गाव हसलं, पण त्या शिकल्या. मग दर रविवारी सकाळी तलावापर्यंत जायचं आणि यायचं, असं सुरू झालं.

कुत्री कशाला, असं मी एकदा भीत भीत विचारलं होतं. "आपण फिराले जाव अन् त्यायनं घर राखाव?" त्या म्हणाल्या. "त्यायले इतवार नाई का?" मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "या रस्त्यानं सारा जनम गेली मी. रोवणीले गेली, सरपणाले गेली. रस्ता कसा हाये, ते कधी पाह्यलंच नाई."

मागच्या उन्हाळ्यात तलावाकडच्या शेतात वाघाच्या पंजांचे ठसे दिसले. त्यांचा मुलगा दिलीपदादा धानाच्या गिरणीत काम करतो, बोलतो कमी. त्याने आईला एवढंच सांगितलं, "एकटी नाई जाची. कोणी सोबत असन तं जाय." शकुनबाईंनी वाद घातला नाही. त्याचं खरंच होतं. माझी बारावीची परीक्षा संपली होती, म्हणून मी बाबांची सायकल घेऊन त्यांच्यासोबत जाऊ लागले.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, मोहाच्या झाडाच्या सावलीत आम्ही बसायचो. त्या पदराच्या गाठीतून फुटाणे काढायच्या. कुत्री गवतात लोळायची. कधी बोलणं व्हायचं, कधी नाही. मला बोलायला लवकर सुचत नाही, पण त्यांच्याजवळ त्याची लाज वाटायची नाही.

श्रावणात मला चंद्रपूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. सगळ्यांना सांगितलं, शकुनबाईंना सांगायला मात्र दोन दिवस लावले. त्या सायकलच्या साखळीला तेल घालत होत्या.

"जाय वं पोरी, चांगलं झालं," त्या म्हणाल्या. तेलाचा हात पुसत राहिल्या, पुसून झाल्यावरही. "मंग येत्या इतवारी शेवटचं. भजाले सांगा लागन."

त्या शनिवारी विजा कडाडून पाऊस झाला. अशा पावसानंतर आमच्या जंगलात सात्या निघतात, म्हणजे रानातल्या अळंब्या. कोणाच्या सात्या कुठे निघतात ती जागा कोणी सांगत नाही, सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही. रविवारी आम्ही पाळीवर पोचलो आणि मागून तीन सायकली आल्या. पुढे सिंधूबाई, शकुनबाईंच्या समोरच्या घरातल्या, मागे आणखी दोघी. कमरेला पिशव्या खोचलेल्या.

"बस झालं तुहं नाटक," सिंधूबाई धापा टाकत म्हणाल्या. "जागा दाखव."

"कायची जागा?"

"सात्यायची! दर इतवारी कुत्रे घेऊन देवाले येतं का इथी?"

शकुनबाईंनी शेजारचं गवत थोपटलं. "जागा हेच हाये. बस."

"इथी काय निंगते?"

"काईच नाई निंगत."

तिघींनी सगळी पाळ पालथी घातली. झुडपं बघितली, वारुळं बघितली. शेवटी दमून आल्या आणि बसल्या. भजाने सिंधूबाईंची रिकामी पिशवी ओढली आणि ती डोक्यात घालून पळत सुटला. आधी एक हसली, मग सगळ्याच. फुटाणे वाटले गेले. सिंधूबाईंनी पाण्यात पाय सोडले आणि बराच वेळ काढले नाहीत.

"धुणं घेऊन किती वर्सं आली इथी," त्या म्हणाल्या. "बसली नोती कधी."

निघताना त्यांनी विचारलं, "ही पोरगी जाऊन राह्यली. मंग तू कोणासंग येशीन?"

"कोणासंगच नाई. पोरगं एकटीले जाऊ देत नाई," शकुनबाई म्हणाल्या आणि मिरचीला उचलून टोपलीत ठेवलं. सिंधूबाई पिशवी झटकता झटकता त्या टोपलीकडे बघत राहिल्या.

हॉस्टेलवर सगळे विचारतात, हे शिकून पुढे काय करणार. मला नीट सांगता येत नाही. इतरांना येतं. अशा वेळी मला पडवीत पुन्हा उभी राहिलेली ती सायकल डोळ्यांसमोर यायची.

दिवाळीत घरी आले. रविवारी सकाळी शकुनबाईंकडे गेले, तर दाराला कडी आणि पडवी रिकामी. समोरच्या ओट्यावर सिंधूबाईंचे सासरे बसले होते. "गेल्या साऱ्या," ते वैतागून म्हणाले. "कामधंदा नाई बायायले!"

मी बाबांची सायकल काढली. पाळीवर चार सायकली उभ्या होत्या. एकीला नवी, हिरव्या बांबूची टोपली होती, आणि तिच्यात मिरची झोपली होती. ती सायकल सिंधूबाईंची.

"अवं, तू काऊन आली वं?" सिंधूबाईंनीच विचारलं. "घरी काई झालं का?"

"नाई," मी म्हणाले. "असंच."

शकुनबाई थोड्या सरकल्या. मी त्या जागेत बसले.