मुदत कुठल्याला मागायची

मंगळवारी सकाळी माझी पत्नी गेली. त्या दिवशी ओमानमधल्या घाला या औद्योगिक वसाहतीतून डबे गेले नाहीत.

डबे तिचे होते. घालाच्या गॅरेजांमध्ये दुपारचं जेवण पुरवणारी कंपनी तिने उभी केली होती. अरबी तिला यायचं, भांडायला तिला यायचं. मी इथल्या भारतीय शाळेत ग्रंथपाल. शांतता राखणं हीच माझी नोकरी. तेरावं झालं, किचनमधल्या बायका पुन्हा डबे भरू लागल्या, आणि तिचे हिशेब पाहणारा रत्नागिरीचा अकाउंटंट माबेल्याला आमच्या घरी आला.

"सर, दोन रिटर्न हायत. एक हितलं, कंपनीचं. एक इंडियातलं, वहिनींच्या नावाचं, पुण्याच्या फ्लॅटच्या भाड्याचं. मुदत कुठल्याला मागूया?"

"दोन्हीला," मी म्हणालो. त्या दिवसांत मला सगळ्यालाच मुदत हवी होती.

"तसं नाय होत. इंडियात एकट्यासाठी तारीख हलवत नायत. सरकार देईल तर सगळ्यांना, नायतर कोणालाच नाय. कंपनीची मागता येते. पण मुदत कागदाला हां, पैशाला नाय. कर अंदाजानं वेळेतच भरायचा. आणि पोर्टलवर वहिनींचं नाव, म्हणून वारसानं स्वतः जायला लागेल."

"नाही मागितली तर?"

"दंड. मग एकेक कागद अडकत जाईल. मग किचन खलास."

आतून मुलगी बाहेर आली. "बाबा, तू बोलणार ऑफिसमध्ये? तू पिझ्झा पण मलाच ऑर्डर करायला लावतोस."

ते खरं होतं. पण एक गोष्ट मला तेव्हा स्पष्ट झाली. फ्लॅटचं रिटर्न म्हणजे तिचं संपलेलं वर्ष. ते मी वेळेत पूर्ण करणार होतो. किचन संपलेलं नव्हतं. वेळ मागायचा तो त्याच्यासाठी.

कर कार्यालयात अकाउंटंट मला दारात उतरवून गाडी लावायला गेला. काउंटरवर एक ओमानी बाई होत्या. मी इंग्रजीत वाक्यं पाठ करून गेलो होतो. 'माय वाइफ' इथपर्यंत आलो आणि पुढचा इंग्रजी शब्द आठवेना. निघाला तो मराठी.

"मयत," मी म्हणालो. मग स्वतःकडे बोट दाखवून, "वारस. मुदत पाहिजे."

बाईंनी स्क्रीनवरून मान वर केली. "मय्यित?" त्यांनी विचारलं. माझ्या हातातला मृत्यूचा दाखला पाहिला. "वारिथ? मुद्दा?"

त्यांचा 'मुद्दा' म्हणजे माझी मुदतच. मी मान हलवत राहिलो. तलाठ्याच्या कचेरीतले, बँकेच्या फॉर्मवरचे हे शब्द मला आयुष्यभर रुक्ष वाटत आले होते. ते मूळचे इकडचे, अरबी, हे कोशात कधीतरी वाचलं होतं. कोशातलं वाचन असं उपयोगी पडलेलं मी तरी प्रथमच पाहत होतो.

"अल्ला यरहमहा," देव तिच्यावर दया करो, असं त्या हळूच म्हणाल्या आणि मला खुर्ची दाखवली.

अकाउंटंट धापा टाकत आला तेव्हा मी अर्जावर सही करत होतो.

"सर! अरबी कधी शिकलात?"

"मराठीच बोललो."

"मग वहिनी उगाच एवढी वर्षं भांडल्या," तो म्हणाला. तिथे त्या खुर्चीवर, ती गेल्यानंतर प्रथमच, मी मोठ्याने हसलो.

काही दिवसांनी मंजुरीचा मेसेज माझ्या फोनवर आला. मी शाळेच्या वाचनालयात ओरडलो. मुलांनी पुस्तकांतून डोकी वर काढली आणि एकाने मला "शूऽऽ" केलं.

वाढीव मुदतीत कंपनीचं रिटर्न गेलं. फ्लॅटचं मी तारखेआधीच भरलं, वारस म्हणून. नंतर भारतात सगळ्यांनाच मुदत वाढवून मिळाली, तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, उगाच घाई केलीस."

"त्या रिटर्नला मला मुदत नकोच होती," मी म्हणालो.

माझी पत्नी आता नाही. किचन चालू आहे आणि डबे वेळेवर जातात. पोर्टलवर माझं नाव आहे. पिझ्झा अजून मुलगीच मागवते.