पाणी तापेपर्यंतची वीस मिनिटं

पाणी तापवायच्या रॉडवर साचलेला क्षार बादलीत तापू लागला की एक वास सुटतो, आणि मला झाशीतलं ते छोटंसं पार्लर आठवतं. कारखान्यातल्या नोकरीसाठी मी तिथे एकटीच राहत होते. पार्लरवाली रेल्वेतल्या मराठी कुटुंबातली. थंडीत दर रविवारी मी केस धुवायला जायचे, ती बादलीत रॉड सोडायची, आणि पाणी तापेपर्यंतची वीस मिनिटं आम्ही गप्पा मारायचो. आठवडाभरात मी मराठी बोलायचे ती तेवढीच. एकदा तिने विचारलं, "ताई, तुम्ही तर बिजलीच्या इंजिनीअर. बेसिनला गीझर कोणता लावू, टाकीवाला की गॅसचा?" मी छातीठोकपणे सांगितलं, "गॅसचा. बाहेर अंगणात लाव. नळ सोडला की लगेच गरम पाणी." पुढच्या रविवारी माझे केस दहा मिनिटांत धुऊन झाले. "बघा ताई, किती वेळ वाचला!" ती आनंदाने म्हणाली आणि पुढच्या बाईकडे वळून हिंदीत बोलू लागली. आता माझ्या घरी चांगला गीझर आहे, तरी थंडीत मी रॉडच लावते, आणि पाणी तापेपर्यंत समोर एक रिकामी खुर्ची ओढून बसते.