सांबारवाल्या मावशीनं नाव सांगतलं नाई

जिनं मले वाचवलं, तिच्यासंगं मी दोन वर्षं सांबारासाठी भांडलो.

सांबार म्हंजे कोथिंबीर. पुण्याच्या मित्रांसाठी सांगून ठेवतो.

नांदगाव खंडेश्वरच्या बाजारात बसे मावशी. परवा गेली. काल तिच्या घरी बसायले गेलो, जुनं गिऱ्हाईक म्हणून.

तिची पोरगी म्हणते, "अॅक्सिडेंटवाले सर तुमीच ना? माय सांगे."

म्हणलं, "तिले कसं माहीत?"

दोन वर्षांमागं अमरावती रोडवर ट्रकनं माही बाईक उडवली. पाय मोडला, रक्त थांबेना. लोकं म्हणत, "हात नोका लावू, पोलिस केस होईन."

मले धड दिसत नोतं. एका बाईचा आवाज तेवढा आठवते. "उचला ना रे, मरते ना माणूस!"

तिच्याच मालाच्या ऑटोत टाकून दवाखान्यात नेलं मले. मागून बायको पोचली, तं माह्या केसात सांबाराचे पानं होते.

बाई गेली होती. पोलिसानं मंग सांगतलं, नाव इचारलं तं ते बाई म्हणे, "कायदा हाये साहेब. वाचवणाऱ्याले नावाची जबरदस्ती नाई."

त्यानंबी जाऊ देलं.

काल पोरीनं बाकीचं सांगतलं. लय पहिले मावशीनं एका म्हाताऱ्याले असंच दवाखान्यात नेलं होतं. तवा नाव लिहून देलं, अन् साक्षीसाठी चकरा मारू मारू थकली. कायदा मंग आला. पोरीनंच तिले मोबाईलवर वाचून दाखवला.

"अवं, पण मले काहून नाई सांगतलं?"

"मी म्हणलं होतं तिले. तं म्हणे, सरले समजलं तं ते भाव करणं बंद करतीन. मंग मी भांडू कोणासंगं?"

एकदा जुडी देता देता तिनं इचारलं होतं, "पाय कसा हाये सर?"

मले वाटलं, लंगडतो ते दिसलं असन. म्हणलं, "ते राहू दे मावशी, अजून चार काड्या टाक."

तिनं टाकल्या.

कालपासून काहीच वाटून नाई राहिलं. रडूबी येत नाई. आज वरणात सांबार होता, तं ताटावर तसाच बसून राहिलो.

चौकातल्या फ्लेक्सवर तिचं नाव हाये. मी इथं लिहीत नाई. तिनं मले सांगतलं नोतं.

रस्त्यात कोणी पडलेलं दिसलं तं उचला बाप्पा. तुमाले कोणी अडकवून ठेवू शकत नाई.

मावशी, शेवटचा नमस्कार घे.

पाय बरा हाये आता.