तोफ्याची जागा

क्लबात सगळे त्याला मामा म्हणत. मालक म्हणत, तिकीटखिडकीवरच्या बाई म्हणत, आणि दरवर्षी बाहेरून आणलेले दोन-तीन धिप्पाड खेळाडू आपल्या भाषेतले जे चार शब्द शिकत, त्यांतला पहिला हाच असे. वास्तविक तो सख्खा मामा एकाच माणसाचा होता. हा भाचा म्हणजे बास्केटबॉल टीमचा सगळ्यात लाडका आणि सगळ्यात बोलणी खाणारा गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारा खेळाडू. प्रेक्षकांनी त्याचं नाव तोफ्या ठेवलं होतं. चेंडू हातात आला की तोफ्या आधी बास्केटकडे बघायचा आणि मग, वेळ उरलाच तर, जगाकडे.

मामा सहायक प्रशिक्षक होता. सहायक म्हणजे काय, तर मुख्य प्रशिक्षकाच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचं, विचारलं तर सांगायचं आणि हरलो तर मान खाली घालायची. तरुणपणी तोही याच क्लबाकडून खेळला होता, पण त्याचा हात पास देणारा. शॉट मारायची वेळ आली की बाकीच्या चौघांची परवानगी काढायला निघाल्यासारखा चेहरा करायचा, असं त्याची थोरली बहीण अजून सांगते. गुडघा गेला आणि खेळ संपला. मग काही वर्षं त्याने टीमची बस चालवली, चेंडूंत हवा भरली, पोरांचे घोटे बांधले आणि सरकत सरकत त्या खुर्चीपर्यंत आला. घरात मामी काही आली नाही. "माझं लग्न चेंडूशी लागलंय, आणि तो कायम दुसऱ्याच्या हातात," असं तो स्वतःच म्हणायचा, त्यामुळे त्याला चिडवायची कोणाला सोय राहिली नव्हती.

माणूस सुतासारखा सरळ, पण एक खोड होती. हातात घेतलेलं काम त्याला हातचं राखून करताच येत नसे. भाचा लहान असताना त्याच्याशी पत्ते खेळायला बसला तरी मामा मुद्दाम कधी हरला नाही. पोर भोकाड पसरायचं, ताई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अरे, एक डाव सोड की त्याला! काय बिघडेल तुझं?" मामा शांतपणे पानं पिसत म्हणायचा, "चांगला खेळला की जिंकेल." मेहुणे लवकर गेलेले, ताई दवाखान्यात नर्स आणि तिच्या पाळ्यांचा काही नेम नाही. पोर मामाच्याच अंगाखांद्यावर वाढलं. ताई वरच्या मजल्यावर, मामा खालच्या, आणि भाचा दोन्हीकडे. लग्न होऊन वेगळं घर केलं तरी त्याचा एक पाय याच जिन्यात असे.

अनेक वर्षं टीम लंगडीच होती आणि तोफ्याच्या शॉटवरच तिचं चालायचं. त्या वर्षी मात्र मालकांनी हात सैल सोडला आणि टीम अशी काही भरली, की मैदानात उतरणारे पाच जेवढे तयार, तेवढेच बाहेर बसलेलेही तयार. आणि इथेच घोडं अडलं. शॉट मारणारे आता चार-चार होते, चेंडू मात्र अजून एकच होता. गावात दोन तट पडले. एक म्हणे, एवढे गुण करणाऱ्याला बसवणार की काय, डोकी फिरलीत तुमची! दुसरा म्हणे, तो मारत बसतो आणि बाकीच्यांचे हात गंजतात. मामाचा न्हावी कात्री हातात घेऊन आधी विचारायचा, "तोफ्या सुरुवातीला की नंतर?" उत्तर मिळेपर्यंत कानाजवळची कात्री हलायची नाही. मामा ठामपणे सांगायचा, "सुरुवातीलाच!" बाहेर, घरात, क्लबात, सगळीकडे तो भाच्याची बाजू घेऊन भांडायचा.

मुख्य प्रशिक्षक एक बाई होत्या. आवाज एवढा हळू, की त्या बोलायला लागल्या की उंच उंच खेळाडू कमरेत वाकून ऐकत. त्यांची एक पद्धत होती. मध्यंतरानंतर दोन्ही टीम जशा बास्केट बदलून खेळतात, तशी त्या मोठ्या निर्णयाआधी माणसांची बाजू बदलायच्या. ज्याचं जे मत असेल, त्याने नेमकं त्याच्या उलट बोलायचं, आणि जीव तोडून बोलायचं. वर आणखी एक नियम: ज्याचं बोलणं पटेल, त्यानेच खेळाडूला जाऊन निर्णय सांगायचा.

ही बैठक जर्सी धुवायच्या खोलीत व्हायची, कारण ऑफिसच्या भिंती पातळ होत्या आणि इथे मशीनच्या घरघरीत बाहेर काही ऐकू जात नसे. त्या सकाळी तिघं होते. बाई पालथ्या बादलीवर, मामा कपड्यांच्या टोपलीच्या कडेवर आणि दाराशी उभा चष्मा. चष्मा म्हणजे सामन्यांची चित्रफीत तपासणारा. तोफ्याचं नाव काढलं की त्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, म्हणून नियमाप्रमाणे त्याला तोफ्याची वकिली करायची होती. त्याने ती फार थोडक्यात केली.

"तो चांगला मारतो. लोकांना आवडतो. झालं."

"एवढंच?" बाईंनी विचारलं.

"त्याच्यावर दोन-दोन जण धावून येतात, मग बाकीच्यांना मोकळीक मिळते," चष्म्याने कसंबसं सांगितलं. दाढ उपटल्यासारखा चेहरा झाला होता बिचाऱ्याचा.

"मामा, आता तुम्ही."

मामाने ठरवलं होतं की वरवर दोन शब्द बोलायचे आणि मोकळं व्हायचं. पण खोड ती खोड. सुरुवात केली आणि तो रंगत गेला. तो म्हणाला, "तोफ्या चेंडू आला की लगेच मारतो. आपला उंच गडी पलीकडच्या टोकाला पोचलेलासुद्धा नसतो. नेम चुकला तर तो परतीचा चेंडू पकडायला कोण असतं? कोणी नाही. आणि आता उंच गडी पळायचंच सोडतोय, कारण चेंडू आपल्याकडे येणार नाही हे त्याला ठाऊक आहे. सुरुवातीच्या पाचांत शॉट मारणारे त्याच्याशिवाय तिघं आहेत, तिथे चेंडू फिरवणारा हवा. आपला दुसरा गार्ड, ठेंगू, ते करतो. याउलट आपली दुसरी फळी मैदानात गेली की गुण आटतात, आणि समोरचेही तेव्हा दमलेले असतात. तोफ्याची खरी गरज तिथे आहे."

बाई ऐकत होत्या. चष्मा तर आ वासून ऐकत होता. इथे थांबायला हवं होतं. पण बाईंनी विचारलं, "पण तो असं का खेळतो? सांगून सुधारणार नाही का?"

"नाही सुधारणार," मामा म्हणाला. "तो माजाने मारत नाही, बाई, भीतीने मारतो. आमच्या बिल्डिंगमागे गाड्या लावायची जागा आहे, तिथे भिंतीला रिंग होती. मोठी पोरं खेळायची, हा सगळ्यांत छोटा. याने पास दिला की चेंडू परत याच्याकडे यायचाच नाही. अख्खी संध्याकाळ नुसता पळायचा. वडील नुकतेच गेलेले. एकदा माझ्याजवळ येऊन रडला, म्हणाला, मामा, सोडलं की परत येत नाही. तेव्हापासून हातात आलेला चेंडू तो सोडत नाही."

मशीन थांबलं होतं. त्या शांततेत मामाला आपण काय बोलून बसलो ते कळलं. बाई उठल्या. "पटलं," एवढंच म्हणाल्या आणि मामाच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर गेल्या.

हॉलमध्ये तोफ्या एकटाच सराव करत होता. मामा नेहमीसारखा रिंगखाली उभा राहून त्याला चेंडू परत देऊ लागला. जरा वेळाने चेंडू काखेत धरून त्याने निर्णय सांगितला. सुरुवात ठेंगू करणार, तोफ्या दुसऱ्या फळीबरोबर उतरणार.

"चष्म्यानं लावलं असणार हे," तोफ्या म्हणाला. "माझ्या विरुद्ध तोच बोलला ना?"

"मी बोललो."

"चल, मस्करी नको करू."

मामाने मस्करी केली नव्हती हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. तोफ्याने खोदून खोदून विचारलं आणि मामाने सगळं सांगितलं, अगदी बिल्डिंगमागची ती संध्याकाळसुद्धा. लपवाछपवी त्याला जमलीच नसती.

"हे तू त्यांना सांगितलंस? चष्म्यासमोर?"

"हो. चुकलं माझं. ते माझ्याजवळ ठेवायला हवं होतं."

तोफ्याने आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. त्याने मामाच्या काखेतला चेंडू घेतला, जाळीच्या गाडीत नीट ठेवला आणि म्हणाला, "ठीक आहे, सर."

त्या दिवसापासून मामा अख्ख्या क्लबाचा मामा राहिला आणि सख्ख्या भाच्याचा तेवढा सर झाला. "हो सर." "पाणी घ्या, सर." कुठे बोट ठेवायला जागा नाही. दुसऱ्या फळीबरोबर तोफ्या उतरायचा तेव्हा शॉटची सरबत्ती करायचा, टीम जिंकत होती, न्हाव्यालाही पटलं होतं. पण संध्याकाळी तोफ्या ताईकडे यायचा तेव्हा त्याची पावलं मामाच्या दाराशी न रेंगाळता वर निघून जायची. ताईने तर एकदा जिन्यातच गाठलं. "बाहेरचा कोणी बोलला असता तर मी समजू शकले असते. तू मामा आहेस की वैरी?" निर्णय बरोबर होता याची मामाला खात्री होती, आणि भाचा गमावला तर त्या बरोबर असण्याचं काय करायचं, हे त्याला सुचत नव्हतं. रात्री दार उघडं ठेवून तो उगाच रेडिओ लावून बसायचा.

बाद फेरीचा सामना रविवारी दुपारी होता. हॉल खचाखच भरलेला. शेवटच्या काही सेकंदांत टीम एका गुणाने मागे, चेंडू आपल्याकडे, आणि बाईंनी टाइमआउट घेतला. वरून लोक ओरडत होते, "तोफ्या! तोफ्या!" तोफ्या टॉवेल गुंडाळून मामाच्या पलीकडच्या खुर्चीवर बसला होता. बाई मामाकडे झुकल्या. "ठेंगूला ठेवू की तोफ्याला पाठवू?"

हो म्हणावं, तर ते प्रशिक्षक म्हणतोय की भाच्याला मनवायला निघालेला मामा? नाही म्हणावं, तर ते डोकं सांगतंय की आपलंच खरं करायचा हट्ट? इतकी वर्षं हा खेळ बघणाऱ्या माणसाला स्वतःच्या मनाचा थांग लागेना.

"बाई, मला नाही सांगता येत," तो म्हणाला. "या एका पोराच्या बाबतीत माझ्यावर विसंबू नका."

"मला पाठवू नका," पलीकडून तोफ्या म्हणाला.

दोघांनी वळून बघितलं. तोफ्याची नजर मैदानावर होती.

"ठेंगूचा जम बसलाय, सगळे त्याच्या पासवर पळतायत. मी थंड बसलोय. आत गेलो तर पहिला चेंडू मिळताच मारणार, मला माहितीये. मामा म्हणतो ते खरं आहे, बाई."

बाईंनी मान हलवली आणि ठेंगूला ठेवलं. त्याने चेंडू सुरेख फिरवला, समोरचे चकले, शेवटी पास फिरून त्याच्याकडेच आला आणि समोर कोणी नव्हतं. त्याने शॉट मारला. चेंडू रिंगवर फिरला, फिरला आणि बाहेर पडला. भोंगा वाजला. टीम हरली, हंगाम संपला. ठेंगू मैदानाच्या मधोमध डोकं धरून बसला, आणि सगळ्यांच्या आधी तोफ्या पळत जाऊन त्याच्याशेजारी फरशीवर बसला. वरून कागदाचे बोळे पडत होते, त्यातले काही त्या दोघांवर पडले.

संध्याकाळी मामा स्वतःच वरच्या मजल्यावर गेला. बोलणी खायची तर एकदाच खाऊन टाकू, असा हिशेब. तोफ्या आधीच जेवायला बसला होता. ताईने मामाचं ताट वाढलं, आणि त्याने पहिला घास घेतल्यावर तिच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"झालं समाधान? माझ्या लेकाला एवढ्या लोकांसमोर बसवून ठेवलंस. आणि त्या ठेंगूच्या हातून घालवलात सामना! हा असता तर मारला असता की नाही? सांग ना, आता का गप्प? लहानपणीसुद्धा एक डाव सोडला नाहीस याला, आणि आता..."

"आई," तोफ्या म्हणाला.

"तू मध्ये पडू नकोस! हा तुझा मामा असून याने तुला बसवलं, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही."

"मला कोणी बसवलं नाही, आई. याला विचारलं होतं, हा म्हणाला, मला नाही सांगता येत. मी बसलो."

ताईचा हात ताटावर तसाच थांबला. तोफ्या खाली मान घालून जेवत राहिला. मामाचे डोळे भरून आले, आणि ते पुसायचंही त्याच्या लक्षात आलं नाही. एवढ्या वर्षांत टीमने कितीतरी सामने जिंकले होते, पण हरलेल्या त्या रविवारी झाला तेवढा आनंद त्याला एकदाही झाला नव्हता.