आमेनच्या आधी

आई गेल्यानंतर चौथ्या महिन्यात मंडळीच्या घरसभांची नवी यादी लागली आणि तीत आमचं घर नव्हतं. हैदराबादेतली आमची मराठी ख्रिस्ती मंडळी लहान. दर गुरुवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जमायचं, दोन गाणी, एक अध्याय, प्रार्थना आणि चहा. आई असेपर्यंत बरकतपुऱ्यातलं आमचं भाड्याचं घर त्या यादीत कायम असायचं.

रविवारी उपासना सुटल्यावर मी सेक्रेटरींना गाठलं. रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ, मला लहानपणापासून ओळखणारे.

"तुमचं नाव आता भावाच्या कुटुंबात घातलंय, ताई."

"भाऊ पुण्याला असतो. मी इथे राहते."

"हौ, पण घरसभा कुटुंबात होते. तुम्ही एकट्या. इतक्या लोकांचं चहापाणी, खुर्च्या... कायकू परेशानी?"

"परेशानी माझी आहे. तारीख लिहा."

त्यांनी लिहिली, पण पेन्सिलीने.

तेव्हा मला त्रेचाळिसावं चालू होतं. सुलतान बाजारातल्या एका चष्म्याच्या दुकानात मी डोळ्यांचे नंबर काढते. स्थळं आली नाहीत असं नाही. एकोणतिसाव्या वर्षी एकाला मी होकारही दिला होता. नामपल्लीच्या नुमाइशीत, म्हणजे तिथल्या मोठ्या प्रदर्शनात, आम्ही दोनदा भेटलो, खूप चाललो. माणूस हसरा होता. पण त्याच्या घरच्यांना मी नोकरी सोडायला हवी होती, आणि आईला भावाकडे पाठवायलाही. तो त्यांच्यापुढे काही बोलला नाही. मी नाही म्हणाले आणि पुढचं वर्षभर अंघोळीच्या वेळी नळ सोडून रडले. पुढे दोन मुलांचा एक विधुर सांगून आला. मध्यस्थ बाई म्हणाल्या, "आता निवडायचं वय राहिलंय का?" मी म्हटलं, राहिलंय.

आई मात्र रोज जेवणाआधी डोळे मिटून एकच मागायची, हिचं कर, प्रभू. समोर वरण निवत असायचं आणि मी मान खाली घालून आमेन म्हणायची.

माझ्या घरसभेला चौदा जण आले. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई तेलुगू, त्यांना आमच्या उपासनेतलं काही कळत नाही. पण त्यांनी स्वतःच्या सहा खुर्च्या वर पाठवल्या आणि शेवटी स्वतःही येऊन दाराशी बसल्या. मी सकाळपासून मिरच्यांत चिंच-तिळाचं सारण भरून ठेवलं होतं, भजी गरम तळायची म्हणून. गाणी झाली, अध्याय झाला. मग पाळकसाहेबांनी शेवटची प्रार्थना सुरू केली. ते वयाने माझ्याहून बरेच लहान आहेत आणि मनाने चांगले आहेत.

"प्रभू, या आमच्या बहिणीचं एकटेपण तू जाणतोस. या घरातली उणीव तू भरून काढ. तिला योग्य जोडीदार..."

सगळीकडून हळू आवाजात "हो प्रभू, हो प्रभू" सुरू झालं. मी डोळे उघडले. माझ्याच घरात बसून चौदा माणसं माझी कीव करत होती, आणि मीही हात जोडून त्यांच्यात बसले होते.

"पाळकसाहेब, जरा थांबा," मी म्हणाले.

ते थांबले. सेक्रेटरींनी डोळे आणखीच घट्ट मिटले.

"ही विनंती माझी नाही. माझ्या आईची होती. मी तुम्हाला हे मागायला सांगितलेलं नाही."

कुणीतरी खाकरलं. पाळकसाहेब गोंधळले, पण रागावले नाहीत. "मग काय मागू, ताई?"

असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. सुचलं ते सांगितलं. "माझा उजवा गुडघा जिना चढताना दुखतो. आणि या खालच्या काकूंचं सोमवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, त्या घाबरल्या आहेत. ते मागा."

ऑपरेशन हा शब्द ऐकून काकूंनी मान वर केली. पाळकसाहेबांनी गुडघा आणि मोतीबिंदू दोन्ही मागितलं, नीट, मनापासून.

चहाच्या वेळी सेक्रेटरींच्या पत्नी मला म्हणाल्या, "प्रार्थनेत असं मध्येच बोलतात का?"

"माझ्या नावावर देवाला भलतंच सांगितलं जात असेल तर बोलावं लागतं," मी म्हटलं. त्या बशी तशीच ठेवून उठल्या. पुढे दोन महिने बोलल्या नाहीत.

बाकीचे गेले तरी दोघं मागे राहिली. एक लातूरकडची नर्स, हॉस्टेलात राहणारी, सत्तावीस वर्षांची. कप विसळता विसळता म्हणाली, "ताई, मला पण सगळे हेच विचारतात. मी नुसती हसते."

"हसू नकोस मग."

दुसरे, काचीगुड्याचे एक निवृत्त मास्तर. बायको गेल्यापासून त्यांच्याही घरी सभा झाली नव्हती, घरात बाई नाही म्हणून. ते दारात चप्पल घालताना म्हणाले, "चहा मला येतो. पुढची माझ्याकडे घ्या म्हणून सांगा."

मी सांगितलं. मास्तरांचा चहा पाकासारखा गोड झाला होता, सगळ्यांनी प्यायला. आता रविवारी दुपारी आम्ही तिघं माझ्याकडे जेवतो. मास्तर मटण आणतात, नर्स झोपा काढते, खालून कधी पप्पू येतं, म्हणजे काकूंचं वरण. मला डेंग्यू झाला तेव्हा हॉस्पिटलच्या फॉर्मवर नात्याच्या रकान्यात नर्सने "बहीण" लिहिलं. तिथल्या माणसाने आडनाव वेगळं कसं असं विचारलं, तर ती म्हणाली, "आहे वेगळं. पुढे लिहा."

लग्नाची इच्छा मेली आहे असं मी सांगणार नाही, ते खोटं होईल. ती आहे. पण ती माझ्या घरातली उणीव आहे असं कुणाला म्हणू देत नाही.

परवा भावाचा फोन आला. पुण्याला एक स्थळ आहे, बँकेत आहे, स्वभावाने शांत आहे.

"तो विचारतोय, तू पुण्याला राहायला येशील का?"

"तो हैदराबादला येईल का, ते विचार."

भाऊ हसला. मी हसले नाही. मी खरंच विचारत होते.